मुलांना वर्गात मोबाईल आणायला सांगायचाय? मग आधी एवढं ठरवून घ्या

हे लिहितोय ते आठवी-नववी-दहावीला शिकवणाऱ्या, मराठी माध्यमाच्या शाळांमधल्या सर-मॅडम लोकांसाठी, म्हणजे जिथे कॉम्प्युटर लॅब आहे पण निम्मे सीपीयू चालू होत नाहीत आणि लॅबची चावी कुठेय हे फक्त शिपाईमामांना माहीत असतं अशा शाळा. शहरातल्या मोठ्या फीच्या शाळांमध्ये प्रत्येक पोराकडे स्वतःचा टॅब असतो, त्यांचं सगळं वेगळं, त्यांच्या गाइड आपल्या काही कामाच्या नाहीत. आणि गंमत म्हणजे यूट्यूबवर जेवढं मिळतं ते सगळं त्यांच्यासाठीच बनवलेलं असतं.

आपल्याकडे पहिली गोष्ट डोक्यात पक्की करायची ती ही, की पोरगं जो मोबाईल आणणार आहे तो त्याचा नाहीये. तो बापाचा आहे, नाहीतर आईचा, नाहीतर मोठ्या भावाचा जुना. असर म्हणून ग्रामीण भागातल्या शिक्षणाचा जो सर्वे होतो, त्याच्या 2024 च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या मुलांना याबद्दल विचारलं होतं, त्यात जवळपास 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि 82 टक्के मुलांना तो वापरता येत होता, पण ज्यांना वापरता येतो त्यांच्यातही स्वतःचा फोन असणारे मुलगे 36 टक्के आणि मुली 27 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे "उद्या सगळ्यांनी मोबाईल घेऊन या" असं वर्गात म्हटलं की मुलींची पहिली अडचण होते, आणि त्या बोलत नाहीत, त्या दिवशी सरळ गैरहजर राहतात.

त्यामुळे खाली जे काय सांगतोय ते सगळं "फोन घरचा आहे" हे धरून सांगतोय. त्यात बापाचं फोनपे आहे, बँकेचे ओटीपी येतात, दूध डेअरीचं बिल जमा झाल्याचा मेसेज येतो, चुलत्यांच्या ग्रुपवरची भांडणं आहेत. ते सगळं आपण वर्गात मागवतोय हे विसरायचं नाही.

आधी मुख्याध्यापक, मग पालक, मग मुलं

क्रम हाच ठेवा. मुलांना आधी सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं की सरांनी मोबाईल आणायला सांगितलाय, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसबाहेर चार पालक उभे. बहुतेक शाळांत मोबाईलला बंदीच असते, ती मोडायची नाही, तिच्यात एका ठराविक तासापुरती सूट लेखी घ्यायची. अर्जात तारीख, तास, इयत्ता, कोणता धडा, फोन कुठे ठेवले जातील आणि कोण जबाबदार, एवढं लिहिलं की कुठलेही मुख्याध्यापक सहसा नाही म्हणत नाहीत, नाही म्हणतात ते मोघम अर्जाला.

कुणी फारच ताणून धरलं तर दिल्ली उच्च न्यायालयाचा फेब्रुवारी 2025 चा निकाल आहे तो दाखवा. एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात कोर्टाने म्हटलं की शाळेत स्मार्टफोनवर सरसकट बंदी घालणं बरोबरही नाही आणि ते जमणारही नाही, पण जमेल तिथे फोन शाळेत जमा करून घ्यावेत, वर्गात शिकवण्यात अडथळा होता कामा नये, आणि धोरण ठरवताना पालक-शिक्षकांशी बोलून ठरवावं. तो निकाल दिल्लीचा आहे, आपल्या शाळेला जसाच्या तसा लागू नाही, पण नियम बनवायला बसलात तर निम्मा मसुदा त्यातच मिळतो.

पालकांना चिठ्ठी पाठवायची. व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, कागदावर, कारण सही पाहिजे. मी वापरतो तो मजकूर देतो, हवा तसा बदला:

"नमस्कार. दि. ___ रोजी तिसऱ्या व चौथ्या तासाला विज्ञानाच्या प्रयोगासाठी काही मोबाईल लागणार आहेत. आपला मोबाईल देणे सक्तीचे नाही. प्रत्येक गटाला दोनच मोबाईल पुरतात, त्यामुळे न दिल्यास आपल्या पाल्याचे कोणतेही नुकसान होणार नाही. दिल्यास तो शाळा सुरू होताच जमा करून घेऊ व दुपारच्या सुट्टीत पाल्याकडे परत देऊ. त्या वेळेत मोबाईल लागणार नसेल तरच पाठवावा. मोबाईलचा लॉक पाल्याला माहीत असल्यास चालेल, शिक्षक लॉक विचारणार नाहीत. पैशांची अ‍ॅप लॉक करून पाठवावीत. (देणार / देणार नाही) सही."

"सक्तीचे नाही" ही ओळ काढू नका. आणि मोडतोडीचं काय हे पालक विचारणारच, त्याचं उत्तर आधी मुख्याध्यापकांशी बोलून ठरवा आणि खरं तेच सांगा, शाळा भरून देणार नसेल तर तसं स्पष्ट लिहा, नंतर वाद नको. ज्याचा फोन नवाकोरा, महागाचा आहे त्याला मीच सांगतो की बाबा तू नको आणू, स्क्रीनला तडा गेलेला जुना फोन आमच्या कामाला जास्त चांगला.

दिवस निवडताना बाजारचा दिवस टाळा, त्या दिवशी फोनची गरज घरी जास्त असते. शेवटचा तास पण टाळा. फोन परत देण्याची गर्दी आणि एसटीची वेळ एकदम आली की एखादा फोन हमखास दुसऱ्याच्या दप्तरात जातो.

कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही

हात वर करायला लावू नका. प्लीज. "ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांनी उभं राहा" हे वाक्य अजूनही वर्गावर्गात ऐकू येतं, कशाला ते, चिठ्ठ्या परत आल्या की आपल्याला कळतंच. साठ पोरांच्या वर्गात वीस फोन आले तरी भरपूर झाले. गट आपण पाडायचे, सहा-सहाचे, प्रत्येकात दोन फोन येतील असे, आणि कामं वाटून द्यायची म्हणजे दोघं फोन सांभाळणार, दोघं प्रयोग करणार, एक मोजपट्टीवर, एक वहीत लिहिणार. आणि एक नियम, ज्याचा फोन आहे त्याने तो हातात धरायचा नाही, दुसऱ्याने धरायचा. नाहीतर फोनवालं पोरगं गटाचा मालक होतं आणि बाकीचे पाच त्याच्या खांद्यावरून बघत बसतात. मालकाला लिहायला बसवा. त्याने लॉक उघडून द्यायचा, अ‍ॅप पिन करायचं (ते कसं ते खाली सांगतो), आणि वही घ्यायची.

फोन ठेवायचे कुठे

बाजारात ते चपला-बूट ठेवायचं कापडी लटकन मिळतं ना, खिसे-खिसेवालं, दाराला अडकवायचं, ते आणा. प्रत्येक खिशाला नंबर. त्याच नंबरची एक वही, त्यात नाव, फोनची कंपनी, आधीपासून कुठे तडा आहे का, पोराची सही जमा करताना, सही परत घेताना. आधीच्या तड्याची नोंद फार कामाची आहे, का ते सांगायला नको. बादलीत किंवा खोक्यात एकावर एक फोन रचू नका, काचा घासतात आणि वाजायला लागला तर कोणाचा वाजतोय ते शोधण्यातच दहा मिनिटं जातात. लटकन कपाटात, कपाटाला कुलूप, चावी तुमच्या खिशात, शिपाईमामांच्या नाही.

जमा करतानाच फोन एअरप्लेन मोडवर टाकायला लावा. हे सगळ्यात महत्त्वाचं. नुसता सायलेंट नाही. एअरप्लेन मोडला फोन येत नाही, मेसेज येत नाही, इन्स्टा चालत नाही, आणि आपल्या प्रयोगाला माईक आणि सेन्सर लागतात ते मात्र सगळे चालू राहतात. चार्जिंग निम्मं तरी असू दे, वर्गात चार्जर लावायला परवानगी देऊ नका, एका पॉइंटला सहा चार्जर लटकवणारे महाभाग प्रत्येक वर्गात असतात.

न सांगता आणलेला फोन सापडला तर? ठेवून घ्या, उघडू नका, आतलं काही बघू नका, "दाखव बघू" म्हणून लॉक काढायला लावू नका, आणि शक्यतो त्याच दिवशी पालकांच्या हातात द्या. परीक्षा संपेपर्यंत ठेवून घेतो वगैरे धमक्या देण्यात अर्थ नाही कारण तो फोन मुळात बापाचा, त्याच्याशिवाय त्याचं काम अडतं, आणि मग राग पोरावर निघतो.

फोन हातात दिल्यावर

पहिलं काम अ‍ॅप पिन करणं. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमध्ये जाऊन सर्चमध्ये "पिन" टाका, अ‍ॅप पिनिंग किंवा स्क्रीन पिनिंग असं काहीतरी सापडतं, प्रत्येक कंपनीने ते वेगळ्या जागी लपवलंय. ते चालू करा, तिथेच अनपिन करताना लॉक मागायचा पर्याय असतो तोही चालू करा, मग जे अ‍ॅप वापरायचंय ते पिन केलं की लॉक टाकल्याशिवाय त्यातून बाहेर पडता येत नाही. म्हणजे ज्याच्या हातात फोन आहे त्याला बापाची गॅलरी उघडता येणार नाही. आयफोन क्वचित येतो, त्यात याला गाइडेड अ‍ॅक्सेस म्हणतात. दोन-चार जुन्या फोनमध्ये हे मिळणार नाही, ते फोन तुमच्या टेबलाजवळच्या गटाला द्या.

अ‍ॅप कुठलं वापरायचं याला माझी एकच चाळणी आहे, लॉगिन मागतं का. मागत असेल तर नको. एक तर पोरं बापाच्या जीमेलने लॉगिन करतात, आणि दुसरं म्हणजे 2023 चा डेटा संरक्षणाचा जो कायदा आहे त्यात 18 वर्षांखालचं कोणीही मूलच धरलंय आणि मुलाची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते, ते झेंगट आपण कशाला गळ्यात घ्या.

या चाळणीतून पार होणारी दोन सांगतो. एक दीक्षा, सरकारचं शिक्षणाचं अ‍ॅप, ते तर सगळ्यांना माहितीये, बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड त्यातूनच चालतात, अकाउंट न बनवता गेस्ट म्हणून बघता येतं. पुस्तक जुनं असेल, कोड फाटला-खरवडला असेल तर कोडजवळ सहा अक्षरी कोड छापलेला असतो तो टाइप करा, तेच उघडतं. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि "सर स्कॅन होईना" यात तास जातो. व्हिडिओ आदल्या रात्री घरीच डाउनलोड करून आणायला सांगा, वर्गात वीस फोन तुमच्या एका हॉटस्पॉटवर चालणार नाहीत, आठ-दहा जोडले की पुढचे जोडलेच जात नाहीत. क्यूआर कोडवरून आठवलं, पुस्तकात क्यूआर चिकटवायची आयडिया सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी आधी राबवली, 2020 चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला. म्हणजे हे सगळं काही परदेशातून आलेलं नाही, आपल्याच एका झेडपीच्या शाळेतून आलंय, एवढं पोरांना सांगितलं तरी त्यांचा नूर बदलतो.

दुसरं फायफॉक्स (phyphox). जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं आहे, फुकट, जाहिरात नाही, लॉगिन नाही, एकदा इन्स्टॉल केलं की नेट लागत नाही. फोनमधले जे सेन्सर असतात त्यांचे आकडे ते दाखवतं. इन्स्टॉल पण घरीच करून आणायला सांगा, आणि आधी जागा रिकामी करायला सांगा, कारण बापाच्या फोनमध्ये गुड मॉर्निंगच्या फोटोंनी मेमरी ठासून भरलेली असते.

एक अख्खा तास, कसा घ्यायचा

नववीला "ध्वनीचा अभ्यास" हा धडा आहे. ध्वनीचा वेग पुस्तकात वाचून पोरं पाठ करतात, आपण तो मैदानावर मोजायचा. दोन फोन, एक मोजपट्टी, आणि दोन्हीकडे जोरात आवाज करायला काहीतरी, मी स्टीलच्या दोन ताटल्या आणि दोन पळ्या घेतो, नुसती टाळी लांबवर पुरत नाही.

फायफॉक्समध्ये अ‍ॅकूस्टिक स्टॉपवॉच उघडा. हे घड्याळ आवाजावर चालतं, पहिला मोठा आवाज झाला की सुरू, दुसरा झाला की बंद. दोन्ही फोन बरोबर 10 मीटरवर ठेवा, जमिनीवर नको, स्टुलावर. एक मुलगी पहिल्या फोनजवळ, एक मुलगा दुसऱ्या फोनजवळ. दोन्हीकडे प्लेचं बटण दाबा, सगळे गप्प. मुलीने ताटली वाजवायची. तिच्याजवळचा फोन लगेच सुरू होतो, लांबचा थोडा उशिरा, कारण आवाज तिथे पोचायला वेळ लागतो. दोन-तीन सेकंद थांबून मुलाने वाजवायची, आता त्याच्याजवळचा लगेच बंद आणि मुलीजवळचा थोडा उशिरा. म्हणजे मुलीजवळच्या फोनवर वेळ जास्त दिसणार. दोन्ही आकड्यांची वजाबाकी करा, तो झाला आवाजाला 10 मीटर जाऊन 10 मीटर यायला लागलेला वेळ, एकूण 20 मीटरचा.

समजा फरक आला 0.057 सेकंद. 20 भागिले 0.057, साधारण 351 मीटर प्रति सेकंद. आता हवेचं तापमान विचारा. 0 अंशाला वेग 331 असतो आणि दर अंशाला साधारण 0.6 ने वाढतो, बाहेर 33 अंश असेल तर 331 अधिक 19.8 म्हणजे 350.8. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिले की पुढच्या बाकावरची हुशार पोरं नाही, मागच्या बाकावरची पोरं आधी ओरडतात.

आता यात काय काय बिघडतं ते पण सांगतो, कारण पहिल्या फेरीत आकडे वेडेवाकडेच येतात. थ्रेशोल्ड म्हणून एक आकडा असतो, तो कमी ठेवला तर कुजबुजीने पण घड्याळ सुरू होतं आणि जास्त ठेवला तर लांबची ताटली ऐकूच येत नाही, दोन्ही फोनवर थोडं खालीवर करून बघावं लागतं, कारण प्रत्येक फोनचा माईक वेगळा. शेजारी मिनिमम डिले असतो, म्हणजे घड्याळ सुरू झाल्यावर किती वेळ दुसरा आवाज धरायचा नाही तो आकडा, तो फार कमी असेल तर पहिल्याच आवाजाच्या घुमण्याने घड्याळ बंद पडतं, तो थोडा वाढवा. भिंतीपासून लांब उभे राहा. आणि मोठी गोष्ट, सगळे गट एकाच वेळी करू शकत नाहीत, या गटाच्या ताटलीने त्या गटाचं घड्याळ चालू होतं. एक गट मैदानावर, बाकीचे वर्गात दीक्षावरचा व्हिडिओ बघून प्रश्न लिहितायत असं ठेवा, आणि वर्गावर बसायला पीटीच्या सरांना पटवा, त्यांना एक चहा बस्स होतो. प्रत्येक गटाने पाच वेळा मोजायचं, उघड उघड चुकलेला आकडा असेल तर तो खोडायचा नाही, बाजूला लिहून ठेवायचा, आणि का चुकला असेल ते एक वाक्यात लिहायचं. खरं विज्ञान त्या वाक्यात आहे असं माझं आपलं मत.

साठ पोरं असतील तर दोन तास जोडून घ्या, एका तासात होत नाही.

फोटो, ग्रुप आणि बाकी कटकटी

प्रयोगाच्या तासाला कॅमेरा बंद. अ‍ॅप पिन असेल तर आपोआप बंदच असतो. फोटो हवेच असतील तर तुम्ही काढा, वस्तूंचे, वह्यांचे, मुलींचे चेहरे येतील असे नाहीत, आणि शाळेच्या स्टेटसला टाकायची घाई नको.

मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढू नका. ग्रुप काढला की वर्गातल्या प्रत्येक मुलीचा, म्हणजे तिच्या आईचा नंबर, प्रत्येक मुलाकडे जातो, आणि रात्री मिस्ड कॉल सुरू होतात. पालकांना कळवायचंच असेल तर ब्रॉडकास्ट लिस्ट करा, त्यात एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, फक्त त्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला पाहिजे, नाहीतर मेसेज पोचत नाही. आणि संध्याकाळी सातनंतर काही टाकू नका. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचे असं गावानेच ठरवलं, मुलांच्या अभ्यासासाठी. गाव एवढं करत असेल तर निदान गुरुजींनी त्या वेळेत गृहपाठाचा व्हिडिओ टाकू नये.

तासाच्या दरम्यान किंवा नंतर पोराने सांगितलं की कोणीतरी फोटोवरून त्रास देतंय, पैसे मागतंय, तर ओरडायचं नाही आणि चॅट डिलीट करायला लावायचं नाही, स्क्रीनशॉट ठेवायचे. पैसे गेले असतील तर 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, लगेच फोन, जितकं लवकर तितकं बरं. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर 1098, ती मुलांसाठीची हेल्पलाइन. हे दोन नंबर लटकनच्या वर मोठ्या अक्षरात चिकटवून ठेवा.

ज्या शाळेत हे काहीच जमणार नाही तिथे प्लिकर्स नावाचं अ‍ॅप बघा, त्यात मुलांच्या हातात छापलेली कार्डं असतात आणि फोन फक्त तुमचा लागतो. पोरं कार्ड ए, बी, सी, डी पैकी एका बाजूने वर धरतात, तुम्ही फोन वर्गावरून फिरवला की कोणाचं उत्तर काय ते कळतं. कार्डं जाड कागदावर छापा पण चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड चमकतो आणि कॅमेऱ्याला वाचता येत नाही.

पुढच्या वेळेसाठी दोरीला फोन बांधून लंबक करता येतो, फायफॉक्समधल्या लंबकाच्या प्रयोगाला जायरोस्कोप, म्हणजे फोन किती वेगाने फिरतोय ते मोजणारा सेन्सर, लागतो आणि तो स्वस्तातल्या फोनमध्ये असतोच असं नाही. चुंबकाचे प्रयोग करायचे असतील तर आधी तपासा, कमी किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये तो सेन्सरच नसतो, फायफॉक्समध्ये त्या फोनला नसलेले प्रयोग फिकट दिसतात. फोन बांधायला सुतळी नको, निसटते. जुन्या सॉक्समध्ये फोन घालून वर गाठ मारा, आणि खाली उशी ठेवा.